दोन भागांच्या साच्यातून रोमन मातीचा दिवा

संग्रहालयातला रोमन दिवा कडेने पाहिलात, तर पोटाभोवती पुसटशी रेघ दिसते. तीच साच्याच्या दोन भागांची सांध. पहिल्या शतकात उत्तर इटलीतले कारखाने असे दिवे काढत. त्यांतल्या 'फोर्टिस' या कारखान्याच्या शिक्क्याची नक्कल तर साम्राज्यभर झाली. प्रतिकृती करायची तर याच पद्धतीने करावी.

आधी भरीव मातीचा नमुना करा. माती वाळताना आणि भाजताना साधारण 8 ते 10 टक्के आकसते, म्हणून 10 सेंमीच्या दिव्यासाठी नमुना 11 सेंमीचा घ्या. (तयार दिव्यावरूनच साचा काढला की पुढचा दिवा लहान आणि चित्र बोथट होतं. जुन्या नकला बऱ्याचदा यावरूनच ओळखू येतात.)

नमुना सर्वांत रुंद रेघेपर्यंत मऊ मातीत बसवा. 1 लिटर पाण्याला सुमारे 1.4 किलो प्लास्टर घेऊन वरचा भाग 3 सेंमी जाड ओता. तो घट्ट झाला की उलटा करून खालची माती काढा, प्लास्टरच्या कडेला दोन-तीन खळगे कोरा, साबणाचं पाणी लावा आणि मग दुसरा भाग ओता. साबण विसरलात तर दोन्ही भाग एकजीव होतील. साचा पूर्ण वाळू द्या, ओल्या साच्यात माती चिकटते.

आता साच्याच्या दोन्ही भागांत मातीची 4-5 मिमी जाडीची पोळी मधून कडेकडे दाबत बसवा. हवा अडकली की चित्राच्या जागी खड्डा पडतो. माती कडेच्या किंचित वर ठेवा, ओरखडे काढा, पातळ माती लावा आणि दोन्ही भाग दाबून धरा. खरी परीक्षा इथेच आहे, कारण आतून सांधेपर्यंत हात पोचत नाही. कड कोरडी राहिली तर भट्टीत चीर तिथेच जाणार.

माती सुटून आली आणि सुरीने स्वच्छ कापता येऊ लागली की तेलाचं आणि चोचीचं भोक पाडा, साधारण 8 ते 10 मिमीचं. चोचीत आत राहिलेला मातीचा काठ बोटाने मोडून टाका, नाहीतर वात अडते. चोच पोटाआधी वाळून मानेशी तडकते, म्हणून तिला प्लास्टिक गुंडाळा. आठवडाभर सावलीत वाळवून 900 अंशांच्या आसपास भाजा.

ऑलिव्ह तेल चोचीच्या भोकाखाली राहील इतकंच भरा. तागाची वात 3 मिमी बाहेर ठेवा, जास्त काढली की धूर होतो. बिनचकाकीचा दिवा तेल झिरपवतोच, खाली ताटली असू द्या.