दशांश, अपूर्णांक, राउंडिंग: आधी अंदाज लावा, मग आकडेमोड करा

आठवी-नववीत मार्क अवघड गणितात जातात त्यापेक्षा जास्त पॉइंट चुकीच्या जागी दिल्याने जातात असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून पहिली सवय ही लावा, उत्तर साधारण केवढं येईल ते आधी कच्च्या कामात लिहायचं आणि मगच गणित करायचं. समजा ४.८ × ०.५२ आलंय, तर ५ च्या अर्ध्याच्या आसपास म्हणजे अडीच धरा, मग पॉइंट विसरून ४८ × ५२ = २४९६ करा आणि अडीचच्या जवळ जाईल असा पॉइंट टाका, २.४९६, झालं. उजवीकडून तीन घरं मोजण्याचा नियम लावलात तरी हेच येतं, पण मोजताना चुकलात तर अंदाजामुळे लगेच कळतं.

अपूर्णांकातही तेच. १/२ + १/३ = २/५ लिहिणारे भरपूर, वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले की मोकळे! अरे पण २/५ म्हणजे ०.४, अर्ध्यात भर घातली आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं? छेद समान करा, ३/६ + २/६ = ५/६.

लहानमोठं ठरवताना घरं सारखी करून घ्या, ०.१२ आणि ०.८ असेल तर ०.१२ आणि ०.८० लिहा, म्हणजे बारा बघून फसायला होत नाही.

भागाकार संपणार की चालूच राहणार हे आधीच कळतं. अपूर्णांक अतिसंक्षिप्त करा, छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर संपतो, ७/४० = ०.१७५. नाहीतर आवर्ती, ५/१२ = ०.४१६६६… पण ६/१५ बघून घाईत आवर्ती म्हणू नका, तो २/५ आहे, म्हणजे ०.४. (आणि पाव, पाऊण, दीड यांना भागाकार कशाला? पावकी-दिडकीचे जुने पाढे पाठ असलेले आजोबा ४८ चं पाऊण ३६ असं पेन न उचलता सांगतात.)

आता राउंडिंग. हवं त्या घराच्या लगेच पुढचा एकच अंक बघायचा, ५ किंवा जास्त असेल तर एक वाढवा. २.३४६ एका दशांश स्थळापर्यंत २.३ होतं, आधी २.३५ आणि मग २.४ असं दोन टप्प्यात केलंत की चुकलं. आणि मधल्या पायरीत तर राउंड करूच नका, ४५०० रुपयांचे २/३ म्हणजे ३०००, पण २/३ ला ०.६७ करून गुणलंत तर ३०१५, पंधरा रुपये उगाच वाढले.

शाब्दिक उदाहरणात मात्र पाचाचा नियम बाजूला ठेवायचा. १३० मुलं, एका बसमध्ये ४० सीट, उत्तर ३.२५, बस ४ लागणार, नाहीतर १० मुलं उभी. उलट १३ मीटर कापडात सव्वादोन मीटरचे कुर्ते किती, तर ५.७७… येतं आणि उत्तर ५ च, उरलेल्या पावणेदोन मीटरमध्ये सहावा बसत नाही, शिंपी कितीही हुशार असला तरी.