रोमन आकडे वाचायला शिका, पुण्यातल्याच सालांवरून

पाचवीच्या बालभारतीत रोमन संख्याचिन्हं येतात आणि मुलं एक ते वीस घोकून मोकळी होतात, पण घोकू नका, सात अक्षरं पाठ करा बास. आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १०००.

मोठं अक्षर आधी आणि छोटं नंतर असेल तर बेरीज, छोटं आधी आलं की वजाबाकी. आय, एक्स, सी, एम सलग तीनदाच घ्यायचे, व्ही, एल, डी कधीच डबल नाही. (लक्ष्मी रोडवरच्या दुकानात काटेवाली घड्याळं बघा, बऱ्याच डायलवर ४ साठी चार आय असतात, ती घड्याळांची जुनी पद्धत आहे, पेपरात आय-व्हीच लिहा.)

आता खरी गंमत. फर्ग्युसन कॉलेजचं साल १८८५ घ्या आणि तुकडे करा, हजार म्हणजे एम, आठशे डीसीसीसी, ऐंशी एलएक्सएक्सएक्स, पाच व्ही, जोडून लिहिलं की झालं. पुणे विद्यापीठाचं १९४९ जास्त भारी कारण त्यात तीन वजाबाक्या आहेत, एम, मग ९०० साठी सीएम, ४० साठी एक्सएल, ९ साठी आयएक्स. इथे पोरं हमखास ४९ ला आय-एल लिहितात, ते चूक, आय फक्त व्ही आणि एक्समधूनच वजा होतो, एक्स हा एल आणि सीमधून, सी हा डी आणि एममधून.

शून्याला चिन्हच नाही, त्यामुळे २००० म्हणजे नुसते दोन एम.