जनसंपर्क क्षेत्रातील पहिली नोकरी: सुरुवात कुठून करावी?

पीआर एजन्सीत नव्याने रुजू झालेल्यांच्या वाट्याला सुरुवातीला बहुधा कात्रणं काढणं आणि पत्रकारांची यादी अद्ययावत ठेवणं ही कामं येतात. ती हलकी समजू नका. या क्षेत्रात बातमीदाराचा विश्वास हेच तुमचं भांडवल असतं आणि ते इथूनच जमायला लागतं.

१. पेपर बातमीदाराच्या नावासकट वाचा
आरोग्य कोण लिहितं, महापालिका कोण पाहतं, कोणता विषय पुरवणीत जातो, हे टिपून ठेवा. शाळेची बातमी गुन्हेगारीच्या बातमीदाराला गेली, की हा माणूस आपला पेपर वाचत नाही, हे त्याला लगेच कळतं. तालुक्याच्या वार्ताहरांचे नंबरही यादीत हवेत. मुंबईतल्या एजन्सी त्यांना सर्रास विसरतात.

२. प्रेस नोट मराठीतच लिहा
इथे सगळ्यात जास्त मेहनत घ्या. इंग्रजी नोटचं भाषांतर पाठवलं, की सुरुवात अशी होते: ‘रुग्णालयाला हे जाहीर करताना अत्यंत आनंद होत आहे की...’ उपसंपादक तिथेच थांबतो. त्याऐवजी लिहा: ‘हडपसरमध्ये रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत मोफत हृदयतपासणी शिबिर होणार आहे.’ कोण, काय, कुठे, कधी हे पहिल्या दोन वाक्यांत यावं. अध्यक्षांचं मनोगत खाली, तेही दोन ओळींत. जागा कमी पडली की बातमी शेवटाकडून कापली जाते, हे लक्षात ठेवा. सरावासाठी राज्य शासनाच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाचं ‘महासंवाद’ संकेतस्थळ रोज वाचा.

३. पेपरच्या डेस्कचं काम वाढवू नका
मजकूर युनिकोडमध्ये, थेट मेलमध्ये किंवा वर्ड फाइलमध्ये द्या. पीडीएफमधून मराठी कॉपी केली की जोडाक्षरं फुटतात. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटोखालच्या ओळीत नावं ‘डावीकडून’ या क्रमाने लिहा आणि प्रत्येक नावाचं स्पेलिंग व हुद्दा तपासून घ्या. नोट दुपारपर्यंत पोहोचवा. संध्याकाळी पानं लागत असताना फोन करू नका. ‘बातमी कधी लागणार?’ हा प्रश्न तर विचारूच नका, आणि जाहिरातीचा विषय बातमीदाराकडे कधीही काढू नका.

४. अडचणीच्या दिवशी फोन उचला
१९०६ मध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा भीषण अपघात झाला. कंपनीचे सल्लागार आयव्ही ली यांनी माहिती दडपण्याऐवजी निवेदन काढलं आणि पत्रकारांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था केली. आधुनिक प्रेस नोटची सुरुवात बरेच जण तिथून मानतात. तुमच्यावर अशी वेळ आली, तर खात्रीची असेल तेवढीच माहिती द्या, उरलेली कधी मिळेल ती वेळ सांगा आणि ती पाळा. वरिष्ठांनी खोटं सांगायला लावलं, तर नकार द्या. नोकरी बदलता येते, पण बातमीदार तेच राहतात.

५. अहवाल सरळ ठेवा
बातमीच्या जागेला जाहिरातीचा दर लावून ‘इतक्या लाखांची प्रसिद्धी’ दाखवण्याची पद्धत अजून चालते. जनसंपर्काचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या २०१० च्या आंतरराष्ट्रीय बार्सिलोना तत्त्वांनी ती मोडीत काढली आहे. क्लायंटला बातमी कोणत्या आवृत्तीत, कोणत्या पानावर आली, कोणता मुद्दा छापला गेला आणि कोणता गळला, हे लिहून द्या. गळलेला मुद्दा पुढच्या नोटमध्ये वर घ्यायचा की सोडून द्यायचा, ते त्याच बैठकीत ठरवा.