वावरातला माल वाहायला काय घ्यावं: ट्रॅक्टर-ट्रॉली, मिनी ट्रॅक्टर का पिकअप?

सोयाबीनचे पैसे हातात आले की गावोगावी हा विषय निघतोच, आता माल वाहायला स्वतःचं काहीतरी घ्यायचं, दर वेळी भाड्याच्या पिकअपवाल्याची वाट बघत बसायला नको. विचार चांगलाय. पण बहुतेक जण सुरुवात शोरूमपासून करतात, किती एचपी, किती डाऊन पेमेंट, भावकीतल्या कुणी काय घेतलं. माझं म्हणणं एवढंच की सुरुवात आपल्या धुऱ्यावरून करा. वजन किती, रस्ता कसला, उतार कुठंय, आणि भरलेली गाडी त्या उतारावर थांबणार कशी. किती ओढते हे सगळेच विचारतात, किती थांबते हे कुणी विचारत नाही, आणि जीवावर बेततं ते तिथंच.

१. आधी वजन कागदावर मांडा

वर्षभरात काय काय वाहता ते लिहून काढा. सिमेंटचं पोतं ५० किलो, युरियाची गोणी ४५ किलो, डीएपीची ५० किलो, हे सोपंय. फसगत होते ती पाण्यात आणि वाळू-मुरमात. १००० लिटर पाणी म्हणजे सरळ एक टन, त्यामुळं उन्हाळ्यात मोसंबीची बाग जगवायला ५००० लिटरचं टँकर ओढायचं ठरवलं तर पाच टन नुसतं पाणी, वर टँकरच्या लोखंडाचं वजन वेगळं. एक ब्रास वाळू म्हणजे १०० घनफूट, ती साधारण चार-साडेचार टन भरते, ओली असली तर अजून जास्त. घर बांधताना हौसेनं दीड ब्रास भरायला लावतात तेव्हा ट्रॉलीवर सहा टनांच्या वर गेलेलं असतं.

कापसाचं उलटंय. तिथं वजन होण्याआधी जागा संपते, म्हणून कापूसवाल्यानं टनापेक्षा हौद्याची लांबी-उंची बघावी, कडब्याचंही तसंच.

आता यातलं रोजचं काय आणि वर्षातून एकदा-दोनदाचं काय ते वेगळं करा. गाडी रोजच्या कामाच्या हिशोबानं घ्यायची. एकदाच लागणारा मुरूम भाड्याच्या हायवानं (मोठ्या टिपर ट्रकनं) येतो, त्याच्यासाठी मोठ्या ट्रॅक्टरचा हप्ता पाच वर्षं कशाला भरायचा?

२. पांदण पावसाळ्यात बघा

आपली काळी जमीन कशीय ते वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात मोठाल्या भेगा पडतात आणि एक चांगला पाऊस झाला की चाकाला माती अशी चिकटते की चाक फिरतं पण गाडी जागची हलत नाही. मे महिन्यात ज्या पांदणीनं, म्हणजे वावराकडं जाणाऱ्या वाटेनं, पिकअप आरामात आखाड्यापर्यंत (वावरातल्या घर-गोठ्यापर्यंत) जाते तीच पांदण ऑगस्टमध्ये तिला बुडापर्यंत रुतवते. त्यातून पिकअपचं इंजिन पुढं आणि जोर मागच्या चाकाला, त्यामुळं रिकामी असताना मागं वजनच नसतं आणि ती भरलेलीपेक्षा लवकर घसरते, हे नवीन माणसाच्या ध्यानात येत नाही.

तर बघायचं काय? रोडपासून आखाड्यापर्यंत स्वतः चालत जा. कच्चा तुकडा किती, मधे ओढा आहे का, पूल नसेल तर पाणी किती दिवस राहतं, दोन्हीकडच्या बाभळी-बोराट्यांमधून रुंदी किती उरते, वळणावर ट्रॉली वळते का. सोयाबीन नेमकं परतीच्या पावसात निघतं, म्हणजे सगळ्यात जास्त माल सगळ्यात वाईट रस्त्यावरून काढायचाय. पांदण पक्की मुरमाची झाली असेल तर पिकअपचा विचार खुशाल करा, चिखलाची असेल तर आखाडा ते रोड ट्रॅक्टरशिवाय सोय नाही.

३. कोणाला काय जमतं

पिकअप. रोज किंवा दिवसाआड जालन्याच्या, लातूरच्या नाहीतर परभणीच्या मोंढ्यात जायचं असेल, भाजीपाला, दूध, मोसंबी असा लवकर पोचवायचा माल असेल, तर पिकअपला तोड नाही. पाऊण टनाच्या आसपास माल असेल तर छोटा हत्ती म्हणजे टाटा एस पुरतो, टन-दीड टन असेल तर बोलेरो पिकअप, अशोक लेलँड दोस्त या वर्गातलं बघा. सेल्समन काहीही सांगू द्या, आरसीवर भरलेलं एकूण वजन आणि रिकामं वजन दोन्ही लिहिलेलं असतं, त्याची वजाबाकी केली की खरी क्षमता कळते. चाकावरचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवून दुप्पट माल भरायची आपल्याकडं रीतच पडलीय, पण पाटे वाढले म्हणून ब्रेक मोठे होत नाहीत. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीपासून ओव्हरलोडला मोटार वाहन कायद्यात २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे.

आणि पिकअपला मागं हुक वेल्डिंग करून ट्रॉली ओढायचा विचार करत असाल तर सोडून द्या, क्लच आणि गिअरबॉक्स त्या कामासाठी केलेले नसतात.

मिनी ट्रॅक्टर, साधारण १५ ते २७ एचपी. कापसाच्या ओळीतली कोळपणी, बागेतली फवारणी, आणि जमलं तर आखाड्यावरून घरी माल आणणं, एवढ्यासाठी उत्तम. पण तो स्वतःच हलका असतो, म्हणून दीड-दोन टनांच्या वर ट्रॉली जोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग तो चिखलात कितीही चांगला ओढत असू दे. घेणार असाल तर फोर व्हील ड्राइव्हच घ्या, काळ्या रानात त्याचा जास्तीचा पैसा वसूल होतो.

४० ते ५० एचपीचा मोठा ट्रॅक्टर. नांगरटी, रोटाव्हेटर, मळणी यंत्र आणि वाहतूक असं सगळं असेल तरच हा परवडतो. नुसत्या वाहतुकीसाठी घेतला तर मोंढ्यापर्यंतच्या ३०-४० किलोमीटरला वेळ आणि डिझेल दोन्ही जातं. ज्यांची जमीन थोडी आहे त्यांनी दोन भावांत मिळून घ्यावा, किंवा वावरातून रोडपर्यंत भाड्याचा ट्रॅक्टर आणि पुढं स्वतःची पिकअप, हा हिशोबही मांडून बघावा, बऱ्याच घरांना तोच स्वस्त पडेल.

परदेशात शेतावर फिरवतात त्या छोट्या चारचाकी एटीव्ही इंटरनेटवर बघून पोरं विचारतात. महाग आहेत आणि बहुतेकींचं पासिंग होत नाही म्हणजे रोडवर आणता येत नाहीत, आपल्या कामाच्या नाहीत.

४. ट्रॉली आणि ब्रेक, इथं घाई करू नका

ट्रॅक्टर घेताना चार महिने चौकशी करतात आणि ट्रॉली मात्र जवळच्या वर्कशॉपमधून एका दिवसात ठरवतात. ४५ एचपीच्या ट्रॅक्टरचं वजन दोन टनांच्या आसपास, त्याला बहुतेक वेळा मागच्या दोन चाकांनाच ब्रेक, आणि मागं सहा टनांची ट्रॉली जिला ब्रेकच नाही. सपाटीला जमून जातं. मांजरसुंब्याचा घाट किंवा धारूरचा घाट उतरताना मात्र ती ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलते, आणि वळणावर ढकललं की ट्रॅक्टर आडवा होतो. म्हणून घाटातनं माल न्यायचा असेल तर ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक लावून घ्या, खर्च वाढला तरी चालेल.

चालवणाऱ्याला, मग तो सालगडी असो का घरचा पोरगा, हे समोर बसवून सांगा. रोडवर निघताना डाव्या-उजव्या ब्रेकची दोन्ही पेडल पट्टीनं जोडलेली पाहिजेत, ती सुटी ठेवायची वावरात वळताना. ज्या गिअरमधे चढ चढला असता त्याच गिअरमधे उतरायचं, आणि गिअर उताराच्या आधी टाकायचा. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडायचं नाही म्हणजे नाही.

दोन चाकी ट्रॉलीचं थोडं वजन ट्रॅक्टरच्या हुकावर येतं, त्यानं मागच्या चाकाला पकड मिळते, चिखलात हे बरं. पण सगळा माल पुढच्या फाळक्याकडं रचला तर ट्रॅक्टरचं तोंड हलकं होतं आणि स्टेअरिंग वळवूनही तो सरळच जातो, आणि माल मागं गेला तर हुक वर उचलला जातो. एक्सलवर बहुतेक वजन आणि जरासं पुढं, असं भरायचं. चार चाकी ट्रॉली लांबच्या रोडला चांगली, पण मागं घेताना कसब लागतं. टँकर नेताना भरून न्या नाहीतर रिकामं न्या, अर्ध्या टँकरमधलं पाणी वळणावर एका अंगाला धावतं आणि पलटी करतं.

फसलेली गाडी काढताना साखळी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकालाच बांधा. एक्सलच्या वर, टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) बांधून जोर लावला तर ट्रॅक्टर पुढून उचलून मागं उलटतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

मागं लाल रिफ्लेक्टर आणि चालू टेल लाईट हवेच. रात्री रोडवर बंद पडलेली उसाची ट्रॉली मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला दिसत नाही, आणि त्यात कुणाच्या तरी घरातलं माणूस जातं.

५. कागद आणि पैसे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के आणि मालवाहू गाड्यांवरचा २८ वरून १८ टक्के झालाय, जुन्या कोटेशनवर भाव करू नका. ट्रॅक्टरला राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून अनुदान मिळतं, महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प-अत्यल्प भूधारकांना सव्वा लाखापर्यंत, बाकीच्यांना एक लाखापर्यंत. पण पूर्वसंमती पत्र हातात पडायच्या आधी खरेदी केली तर अनुदान गेलं समजा. पिकअपला हे अनुदान नाही, उलट तिचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढं दरवर्षी करावं लागतं, तो खर्च धरून चला.

लायसन्सची चिंता नको, ७५०० किलोच्या आतल्या मालगाडीला साधं एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टानं २०१७ ला हे सांगितलं आणि नोव्हेंबर २०२४ मधे घटनापीठानं तेच कायम ठेवलं. इन्शुरन्सचं मात्र नीट ऐका. मालगाडीच्या हौद्यात बसवलेल्या वऱ्हाडाला किंवा मजुरांना आपोआप विमा लागू होत नाही. आपल्या बीडकडची कितीतरी ऊसतोड कुटुंबं लेकराबाळांसकट ट्रॉलीत बसून कारखान्याला जातात, काही झालं तर त्यांच्या हातात काय पडणार? कामाला मजूर न्यायचेच असतील तर त्यांच्यासाठी वेगळी गाडी करा, एवढा खर्च कामात धरायलाच पाहिजे.

६. जुनं घेत असाल तर

सकाळी इंजिन थंड असताना जा, आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. चालू करून ऑइलचं झाकण उघडा, तिथून जोरात धूर-हवा मारत असेल तर इंजिनचं काम निघालंय. लिफ्टवर रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करा आणि चहा होईपर्यंत थांबा, तेवढ्यात अवजार खाली आलं तर हायड्रॉलिक गळतंय. पुढची चाकं हातानं हलवून लूज बघा. चेसिस नंबर आरसीशी जुळवा, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय इसारही देऊ नका.

आणि ट्रायल मोंढ्याच्या डांबरीवर घेऊ नका. मालकाला डिझेलचे पैसे द्या, आपल्या गावात बोलवा, आपली ट्रॉली जोडून रोज भरता तेवढाच माल भरा, पांदणीतला तो एक चढ चढवा आणि तिथंच मधे थांबवून परत उचलायला लावा, मग सावकाश खाली उतरवून ब्रेक मारून बघा. मालक याला तयार नसेल तर दुसरी गाडी बघा.