ठाण्यातील छोट्या संस्थांनी समाजमाध्यमे कशी वापरावीत

नौपाड्यातील वाचनालय असो वा वर्तकनगरातील महिला बचत गट, छोट्या संस्थेने सर्व माध्यमांवर एकदम खाती उघडू नयेत. आपले सभासद आणि देणगीदार रोज जेथे असतात, ते एकच माध्यम आधी नीट सांभाळावे, आणि ते बहुधा व्हॉट्सअ‍ॅपच असते. तेथील ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवण्याच्या यादीत, २५६ जणांची मर्यादा असते. शिवाय ज्यांनी संस्थेचा क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला आहे, त्यांनाच संदेश पोहोचतो. म्हणून सभासदत्वाचा अर्ज भरून घेतानाच संमती विचारून तो क्रमांक त्यांच्याकडून जतन करून घ्यावा. माझ्या मते सुंदर बोधचिन्हापेक्षा हे काम कितीतरी महत्त्वाचे आहे.

कार्यक्रम गडकरी रंगायतनात असेल, तर केवळ निमंत्रणपत्रिकेचे चित्र टाकून थांबू नये. दिनांक, वेळ, प्रवेशिका मिळण्याचे ठिकाण आणि ठाणे स्थानकापासूनचा मार्ग हे सारे अक्षरांत लिहावे, कारण चित्रातील मजकूर दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सुविधेला, बहुधा वाचता येत नाही, आणि ही माणसेही आपलीच आहेत.

गूगलवरील संस्थेच्या नावपत्त्याची नोंद विनामूल्य असते, तीही करावी. पसंतीच्या (लाइकच्या) आकड्यांवर मात्र विसंबू नये. आलेल्या प्रत्येकाला, कार्यक्रमाची माहिती कोठून मिळाली, हे दारातच विचारून वहीत नोंदवावे आणि पुढील खर्च त्यावरून ठरवावा.