चमचा नको, मिलि बघा: लहान बाळाला औषध कसं पाजावं

औषध घरी आलं की बाटली उघडण्याआधी लेबल वाचा. नावाखाली औषधाची ताकद छापलेली असते आणि खरी गल्लत तिथेच होते. तापावरचं पॅरासिटामॉल घ्या. दुकानात 5 मिलिमध्ये 120 मिग्रॅ असलेलं सिरप मिळतं, 250 मिग्रॅचंही मिळतं, आणि थेंबांच्या छोट्या बाटलीत तर 1 मिलिमध्येच 100 मिग्रॅ असतं. डॉक्टर एका वेळेला साधारण किलोमागे 10 ते 15 मिग्रॅ धरतात. 10 किलोच्या मुलाला 150 मिग्रॅ सांगितलं, तर पहिल्या बाटलीतून सव्वासहा मिलि, दुसरीतून 3 मिलि आणि थेंबांतून फक्त दीड मिलि द्यायचं. बाटली छोटी म्हणजे औषध सौम्य, असं समजून थेंबांतलं 5 मिलि पाजलं तर 500 मिग्रॅ पोटात जातं. म्हणून मात्रा मिलिमध्येच लिहून घ्या. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचं औषध दिलं तर ताकद तीच आहे ना, हे काउंटरवरच विचारा.

मोजायला बिनसुईची सिरिंज किंवा बाटलीसोबतचं टोपण वापरा. घरातला चमचा माप नव्हे. दोन घरांतले चमचे सारखे नसतात. गुटीचं बोंडलंही नको. त्यावर खुणा नसतात आणि आडव्या बाळाच्या घशात धार एकदम जाते.

अँटिबायोटिक बऱ्याचदा कोरड्या पावडरीच्या रूपात येतं. बाटली आपटून पावडर मोकळी करा, उकळून गार केलेलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला, हलवा, फेस बसला की खुणेपर्यंत भरा. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, साठवणीचं पाणी वापरावं लागतं, तेव्हा उकळण्याचा कंटाळा नको. मिसळल्याची तारीख बाटलीवर लिहा. बहुतेक औषधं त्यानंतर आठवडाभरच चालतात, आणि काहींना फ्रिज लागतोच. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, पत्र्याखालच्या फळीवर तर औषध तापतंच. फ्रिज नसेल तर लाजू नका, डॉक्टरांना आधीच सांगा. पर्यायी औषध असू शकतं.

आता पाजायचं. बाटली हलवा, हात धुवा. बाळाला मांडीवर अर्धवट बसतं धरा, डोकं किंचित वर. हातपाय झाडत असेल तर टॉवेलमध्ये गुंडाळा. टॉवेलांच्या गावात त्याची वाण नाही! सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडा आणि प्रत्येक घोट गिळू द्या. नाक दाबून पाजू नका, रडताना तर मुळीच नाही, औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं. दुधाच्या भरल्या बाटलीतही मिसळू नका. बाळाने निम्मी बाटली टाकली तर औषध किती गेलं, हे कोण सांगणार? मध घालून देणं वर्षाखालच्या बाळाला धोक्याचं. लगेच उलटी झाली तर पुन्हा पाजण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

दिलेली वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. आई कामावरून येते, तोवर आजीने दिलेलं असतं, आणि कोणी कोणाला सांगत नाही. एकत्र घरात दुप्पट डोस असाच जातो. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत किमान चार तास हवेत आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त डोस नकोत. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर घरी औषध देत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

खोकल्याच्या सिरपबद्दल मी कडकच आहे. 2025 साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित सिरपने मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत, असं पुन्हा बजावलं. शेजारच्या मुलाची उरलेली बाटली आणि ॲस्पिरिनही नकोच.

औषधाला ‘खाऊ’ म्हणू नका आणि बाटली कपाटात उंचावर ठेवा. मुलाने चुकून बाटली तोंडाला लावलीच, तर उलटी काढायचा प्रयत्न न करता बाटलीसकट सिव्हिल किंवा जवळचं रुग्णालय गाठा, नाहीतर 108 ला फोन लावा. बाटली रिकामी असली तरी सोबत घ्या. काय आणि किती गेलं, याचा अंदाज डॉक्टरांना तिच्यावरूनच येतो.