फुकट वकिलाचा अर्ज: रडगाणं नको, तारखा लिहा

‘सरकारी फुकट वकील हवा? आधी उत्पन्नाचा दाखला काढा’ असं सांगणारे आमच्या आळीत पैशाला पासरी. त्यांचं ऐकून बायका तहसील कार्यालयाचे उंबरे झिजवतात. बाईला तो दाखला लागतच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२: स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा; तिथेही उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र चालू शकतं.

अर्ज जिल्हा न्यायालयात मिळतो: रत्नागिरी, ओरोस, अलिबाग. चिपळूण-दापोलीवाल्यांनी एसटीचं भाडं वाचवावं, तालुका कोर्टातही विधी सेवा समिती असते. चौकशीला फोन १५१००.

खरी गोची ‘प्रकरणाची हकीकत’ या रकान्यात. शेजारच्या काकींचा अर्ज मी पहिल्यांदा लिहिला तो चार पानी. घरमालकाने नळ तोडला, कौलं शाकारली नाहीत, काका असते तर ही वेळ आली नसती... सगळं त्यात. बेलिफाने दिलेलं, मालकाच्या दाव्याचं समन्स मात्र तांदळाच्या डब्यात! मी विचारलंच नव्हतं. समन्स हातात पडल्यापासून ३० दिवसांत लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला आपलं उत्तर, द्यायची असते. कोर्टाने मुदत वाढवलीच तर ९० पर्यंत. डबा उघडला तो सव्विसावा दिवस होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून माझा हट्ट एकच, एक पान. पहिल्या ओळीत समन्स कधी आलं, कोणी घेतलं. मग दावा नंबर, पुढची तारीख. ‘न्याय मिळावा’ लिहू नका, तो सगळ्यांनाच हवा असतो. ‘कैफियत दाखल करायला वकील हवा’ लिहा. नळ कोणत्या तारखेला तोडला तेही लिहा, कारण भाडेकरूचं पाणी तोडायला भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे. रडून झालं की मग लिहायला बसा.

भाडेपावत्यांच्या झेरॉक्स जोडा, मूळ प्रती घरी. (पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात, ओढू नका, सुकवा.)

शिक्क्याची पोच घ्या. वकील नेमेपर्यंत कोर्टाची तारीख आलीच, तर स्वतः उभं राहून ती पोच दाखवा. घरी बसू नका, दावा एकतर्फी चालतो.

नेमलेल्या वकिलाने ‘टायपिंगचे पाचशे’ मागितले तर देऊ नका. त्याची फी प्राधिकरण देतं. लेखी तक्रार अर्ज दिला त्याच कार्यालयात करा आणि वकील बदलून मागा.